हिरवं बटण, काळी खिडकी

"गाढवा!" ती ओरडली आणि टेबलावर मूठ आपटली. "आळशी, कामचुकार गाढवा!"

बुधवारची दुपार, चार वाजत आले होते. कुणाच्या तरी निरोपसमारंभाला अख्खा मजला खाली गेलाय, अशी तिची ठाम समजूत होती. म्हणून तर तिने जिभेला मोकळं सोडलं होतं. समोरच्या कॉम्प्युटरवर चूक दाखवणारी तीच लाल ओळ पुन्हा उमटली होती – सकाळपासून चौदाव्यांदा.

"त्याला ऐकू येत नाही," टेबलाखालून आवाज आला.

ती दचकली. खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन धडकली. शेजारच्या टेबलाखालून आधी दोन लांबलचक पाय बाहेर आले, मग एक हिरवी वायर, आणि मग ती वायर गळ्यात अडकलेला एक उंच माणूस. त्याच्या एका भुवईला धूळ लागली होती... फक्त एका.

"तुम्ही कधीपासून आहात तिथे?"

"'नालायक'पासून," तो म्हणाला. "'गाढव' बरंच नंतर आलं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं. "मग खोकायचं तरी! खाकरायचं!"

"मध्ये बोलणं बरं दिसलं नाही. इतकं मन लावून बोलत होतात..." तो वाकून तिच्या पडद्याकडे बघू लागला. लाल ओळ वाचायला त्याला दोन सेकंद पुरले. "वाक्य लांब झालंय."

"माझं?"

"कॉम्प्युटरचं." तो क्षणभर थांबला. "तसं तुमचंही. पण त्यावर इलाज माझ्याकडे नाही."

आणि वायर गुंडाळत तो निघूनही गेला. ती दाराकडे बघत राहिली. एवढ्या उर्मटपणावर काहीतरी झणझणीत बोलायला हवं होतं, पण सुचलं तेव्हा लिफ्टचं दार बंद झालं होतं.

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. चण लहान, आणि टोचायची तयारी कायम. त्या माणसाला ती नावाने नाही, पण टोपणनावाने ओळखत होती. तळघरातल्या यंत्रखोलीत बसणारा मुनी तो हाच. ऑफिसचे मोठे कॉम्प्युटर सांभाळायचे, वायरी बदलायच्या आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी त्याची ख्याती. पूर्वी तो वरच बसायचा म्हणे, कोड लिहायचा. मग काहीतरी झालं आणि तो खाली गेला. काय झालं ते कुणी सांगत नसे.

मुनी म्हणे! चांगला बोलतो की.

त्यांची कंपनी तळहाताएवढं एक यंत्र बनवत होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जातो, त्यांच्यासाठी. माणसाने त्यावर शब्द टाइप करायचे आणि यंत्राने ते बोलायचे. असली यंत्रं बाजारात होतीच, पण ती सगळी एकाच गोडगोड बाईच्या नाहीतर एकाच घोगऱ्या बुवाच्या आवाजात बोलत. या यंत्राची गंमत वेगळी होती. ऑपरेशनच्या आधी माणसाच्या स्वतःच्या आवाजाचे नऊशे तुकडे भरून घ्यायचे, आणि यंत्राने त्याच आवाजात बोलायचं. पहिली अकरा माणसं ठरली होती. सोमवारी हॉस्पिटलात त्यांच्या हातात यंत्रं द्यायची होती.

त्या अकरांतली एक होती टाचणीची आत्या.

आईवडील कायम परगावी, त्यामुळे टाचणीला वाढवलं ते आत्याने. आत्या शाळेत खेळ शिकवायची. मैदानाच्या या टोकाला तिने हाक मारली की त्या टोकाला कुंपणावर चढलेली पोरं आपोआप खाली उतरत. असला आवाज! आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हापासून आत्या पाटीवर लिहून बोलत होती. तेही ओरडल्यासारखं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण बुधवारी सकाळी नऊशे तुकडे एकत्र कंपाइल करायची वेळ आली आणि घोडं पेंड खायला लागलं. माणसाने लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा, म्हणजे कंपाइल करायचा. त्यासाठी ऑफिसात एकच मार्ग होता. ज्या एडिटरमध्ये कोड लिहायचा, त्याच्याच कोपऱ्यात एक हिरवं बटण होतं. ते दाबायचं. बाकी सगळं एडिटर बघून घेई. या वेळी त्याने साफ नकार दिला. सहाशे तुकड्यांपर्यंत ठीक, त्याच्यापुढे लाल ओळ.

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं होतं, आणि शांतपणे म्हणाले होते, "मग तीनशे काढ."

"काढू? कुठले काढू, साहेब?"

"ओरडणं, रागावणं, खदखदून हसणं. सभ्य वाक्यं राहू देत. पेशंटला पाणी मागता आलं, डॉक्टरशी बोलता आलं, की झालं. बाकीचं त्या बाजारातल्या गोड बाईच्या आवाजात जाऊ दे."

त्या संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं तेव्हा आत्याने पाटी ओढून घेतली. खडू कडाडून मोडला.

"सभ्य वाक्यं मी आयुष्यात किती बोलले? मोज!" खाली दोन रेघा.

मग पाटी पुसली, आणि बारीक अक्षरांत लिहिलं, "त्या गोड बाईच्या आवाजात मी तुला कार्टे म्हटलं, तर तुला ते माझं वाटेल का?"

टाचणी उठून ताटं घ्यायला गेली. ताटं घ्यायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ ती स्वयंपाकघरात थांबली.

गुरुवारी सकाळी साडेसातलाच ती तळघराच्या पायऱ्या उतरली. यंत्रखोलीचं जड दार ढकललं आणि थंडगार हवेचा झोत अंगावर आला. दोन्ही बाजूंना उंच कपाटं, त्यांत लुकलुकणारे शेकडो दिवे, आणि पंख्यांची अखंड घरघर.

"वाक्य लांब झालंय म्हणजे काय?" तिने दारातूनच विचारलं.

त्याने कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. ती जवळ गेली. आणखी जवळ. त्या घरघरीत बोलायचं तर कानापाशीच तोंड न्यावं लागत होतं.

"म्हटलं, वाक्य लांब झालंय म्हणजे काय? फोडून सांगा!"

"सुप्रभात," तो म्हणाला.

"हं. सुप्रभात. सांगा आता."

त्याने कागद घेतला. एडिटर स्वतः कंपाइल करत नाही, त्याने सांगितलं. ते काम करणारा प्रोग्राम वेगळाच असतो, मागे, पडद्याआड. एडिटर फक्त त्याला हुकूम देतो – ही फाइल घे, ती फाइल घे... सगळ्या फायलींची नावं एका ओळीत, एका दमात. आणि त्या ओळीत किती अक्षरं मावतात, याला मर्यादा आहे. नऊशे नावं मावत नाहीत.

"म्हणजे काम करणाऱ्याला ओझं झेपतं. हुकूम सोडणाऱ्यालाच दम लागतो?"

"बरोब्बर."

"अगदी आमच्या मजल्यासारखं."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसला म्हणायचं की नाही, कळेना... पण तो कोपरा पुन्हा एकदा हलवून बघावा, असं तिला उगाचच वाटून गेलं.

"नावं लहान केली?"

"केली की. पाचशेवर अडत होतं, ते सहाशेवर आलं."

"तुकडे जोडून मोठ्या फायली?"

"मग एक फाइल फार मोठी म्हणून रडतो. तुम्हाला काय वाटलं, मी चौदा वेळा नुसत्या शिव्याच घातल्या?"

"मग चिठ्ठी." त्याने कागदाचा कोपरा फाडला. "सगळी नावं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. आणि कंपाइल करणाऱ्याला एवढंच सांगायचं, चिठ्ठी वाच. ओळ दोन शब्दांची. नावं नऊशे असोत की नऊ हजार. त्याला चिठ्ठी वाचता येते. एडिटरला फक्त ती देता येत नाही."

"मग कोण देणार?"

बोटाने त्याने एका जुन्या पडद्याकडे दाखवलं. काळीभोर खिडकी, आणि तिच्यात लुकलुकणारी एक बारीक पांढरी रेघ. बटण नाही, चित्र नाही. हुकूम आपल्या हाताने टाइप करायचा.

"इथून," तो म्हणाला. "पण ते चालत नाही. नियम आहे."

नियम तिलाही तोंडपाठ होता. यंत्रात जाणारा प्रत्येक प्रोग्राम हिरव्या बटणानेच कंपाइल व्हायला हवा. मोठ्या साहेबांची सही, खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख.

"तुम्ही मला फक्त शिकवा. हुकूम मी देते."

"नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"घाबरट!" तिच्या तोंडून निसटलं.

तो उठला नाही, चिडला नाही. खुर्चीवर नीट बसला, हात मांडीवर ठेवले, आणि तिच्या कानापाशी वाकून सांगायला लागला. त्या घरघरीत मोठ्याने सांगण्यासारखं ते नव्हतंच.

तो नियम त्याच्यामुळेच झाला होता. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या जुन्या, गोड आवाजाच्या यंत्राचा प्रोग्राम त्याने घाईत याच खिडकीतून कंपाइल केला. काम अचूक झालं होतं. पण यंत्रांत चढवताना त्याने आदल्या दिवशीची अर्धवट फाइल उचलली. आठ यंत्रं दोन दिवसांत मुकी झाली. त्यांतलं एक परत आणायला तो स्वतः गेला होता.

"औषधाच्या दुकानात भेटले ते आजोबा. काउंटरपाशी उभे होते, यंत्र दाबत होते... दाबतच होते. मागे रांग. दुकानदार म्हणत होता, आजोबा, लवकर सांगा. मी यंत्र मागितलं, त्यांनी दिलं. माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत." तो थांबला. "रागावणार कशाने?"

टाचणीने काळ्या खिडकीकडे पाहिलं.

"चूक खिडकीची नव्हती," तो म्हणाला. "माझी होती. पण खिडकीला हात लावायचा म्हटलं की मला ते काउंटर दिसतं."

"घाबरट म्हटलं ते मागे घेते," ती हळूच म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

ती आणखी वाकली. तिचे केस त्याच्या खांद्याला लागले. "म्हटलं... मागे घेते!"

"आता आलं," तो म्हणाला. पहिल्यांदाही आलंच होतं, हे त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं.

पण हो काही तो म्हणाला नाही. ती जड पायांनी वर आली. दिवसभर तिने तीनशे तुकड्यांची यादी उघडली आणि मिटली. 'अगं ए!' काढू? 'पाय आपटू नकोस' काढू? आत्याच्या त्या सातमजली हसण्याचे चार तुकडे होते... ते काढू? संध्याकाळपर्यंत तिने एकही काढला नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा ती "बघते" म्हणाली. टाचणीच्या तोंडी "बघते" हा शब्द ऐकून शेजारचे चकित झाले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता लिफ्टचं दार उघडलं आणि मजल्यावर कुजबुज पसरली. मुनी वर आला होता. हातात वायर नव्हती, पक्कड नव्हती. इकडेतिकडे न बघता तो सरळ तिच्या टेबलापाशी आला.

"सरक," तो म्हणाला.

सरका नाही... सरक. ती निमूट सरकली.

"काल तू गेल्यावर विचार केला," तो हळू आवाजात म्हणाला. इथे पंखे नव्हते, तरी तो कानाशीच वाकला होता. "परत चूक होऊ नये म्हणून मी तीन वर्षं काहीच केलं नाही. आणि काही न केल्याने आता अकरा जण गोड बाईच्या आवाजात हसणार, रागावणार. हीपण चूकच की. फक्त तिच्यावर कुणाचं नाव लागत नाही."

"म्हणजे करायचं?"

"करायचं. पण चोरून नाही. इथे, वर, उजेडात. आणि प्रत्येक पायरीचा पुरावा ठेवून."

मग दोघांनी दिवसभर मान वर केली नाही. आधी त्यांनी एक जुना छोटा प्रोग्राम घेतला. तो हिरव्या बटणाने कंपाइल केला आणि काळ्या खिडकीतूनही केला. दोन्ही फायली समोरासमोर ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ताडल्या. एका काना-मात्रेचाही फरक नव्हता. दुसरा प्रोग्राम. तिसरा. असे वीस. फरक शून्य.

"आता आत्या," ती म्हणाली.

"टाइप तू कर," तो म्हणाला.

"का? हात थरथरतात?"

"हो," त्याने सरळ कबूल केलं. "पण ते कारण नाही. आवाज तुझ्या आत्याचा आहे."

तिने चिठ्ठी तयार केली, नऊशे नावांची. काळ्या खिडकीत दोन शब्द टाइप केले. बोट कळीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. तिने कळ दाबली.

पांढऱ्या ओळी सरसर वर चढू लागल्या. शंभर... तीनशे... पाचशे नव्व्याण्णव. सहाशेला तिने श्वास रोखला. सहाशे एक. सहाशे दोन. तिच्या नकळत तिचा हात त्याच्या मनगटावर पडला होता. नऊशेपर्यंत तो तिथेच राहिला. त्यानेही मनगट हलवलं नाही – इतकं की दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलणं म्हणजे कसरत झाली.

लाल ओळ आलीच नाही.

"गाढवा!" ती आनंदाने ओरडली. सगळा मजला वळून बघायला लागला.

"मी की तो?" त्याने विचारलं.

"दोघंही!"

उरलेल्या दहा जणांचे आवाजही संध्याकाळच्या आत झाले. शेवटी त्याने एक पायरी वाढवली, तीन वर्षांपूर्वी राहून गेलेली. यंत्रात चढवलेला प्रोग्राम परत बाहेर काढायचा आणि मूळ फाइलशी ताडून बघायचा. मगच यंत्र डब्यात घालायचं. यंत्रं तपासणाऱ्या बाई फार कडक. त्यांनी तीन तास खाली मान घालून सगळं पाहिलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मला खोट सापडत नाही. आणि मला सापडत नाही म्हणजे नाहीच."

शनिवारी सकाळी दोघं मोठ्या साहेबांच्या खोलीत उभी राहिली. टेबलावर कागदांची चळत ठेवली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्या आठ यंत्रांचं खापर त्यांच्याही डोक्यावर फुटलं होतं आणि तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत होते. त्यांनी सगळे कागद वाचले. मुनीकडे पाहिलं. मग कागद मिटले.

"नाही," ते म्हणाले. "नियम नियम आहे."

"नियम चुकीचा नाही, साहेब," टाचणी म्हणाली. "अपुरा आहे. तो केला तेव्हा जुन्या यंत्रात चाळीसच तुकडे होते."

"आणि पुन्हा यंत्र मुकं झालं तर?"

"तर माझं नाव लिहा," मुनी म्हणाला.

"माझं आधी," टाचणी म्हणाली.

"पद्धत माझी आहे."

"हुकूम मी दिलाय! कळ कुणी दाबली?"

"चिठ्ठी कुणी सुचवली?"

"एक मिनिट," साहेब कपाळाला हात लावत म्हणाले. "जबाबदारी ढकलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. ओढून घेणारी पहिल्यांदाच बघतोय. तरीपण... नाही. तीनशे काढा. सोमवारी सहाशेच जातील."

टाचणीने दीर्घ श्वास घेतला. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"ठीक आहे. मग सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर चला. ती अकरा माणसं रांगेत बसलेली असतील. त्यांना तुम्ही सांगा. म्हणा, तुमचं हसणं आमच्याकडे आहे, तुमचा राग आहे, नातवंडांना मारलेल्या हाका आहेत, सगळं नीट भरून ठेवलंय, तपासलंय, चालतंय. पण देत नाही. कारण ते हिरव्या बटणातून आलं नाही. मी ते सांगणार नाही, साहेब. मला कामावरून काढा, पण तीनशे तुकडे मी काढणार नाही. तुम्हाला काढायचे तर हा कॉम्प्युटर. बसा. एकेक ऐका, आणि काढा."

तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि एका यादीतला पहिला तुकडा लावला. कुणा आजोबांचा आवाज होता, "ए पिटुकल्या, इकडे ये."

साहेबांचा हात कळीपर्यंत गेला. तिथेच थांबला. खिडकीच्या पट्ट्यांतून आलेलं ऊन टेबलावरून कागदांवर सरकलं.

"तपासणाऱ्या बाईंची सही आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शेवटच्या पानावर."

"मग त्याखाली माझी घ्या. आणि नियम नव्याने लिहून द्या मला. तुम्ही दोघांनी. भांडायचं असेल ते बाहेर जाऊन भांडा."

सोमवारी हॉस्पिटलच्या लांबट खोलीत अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. आत्या तिसऱ्या खुर्चीत, ताठ. यंत्र हातात घेतलं, चष्मा सावरला, आणि एका बोटाने टाइप करायला लागली. टाचणी समोर उभी होती, मुनी दाराशी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

यंत्र बोललं.

"कार्टे, सरळ उभी राहा!"

तोच आवाज. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. दोन नर्स आणि एक डॉक्टर नकळत सरळ उभे राहिले. टाचणीही राहिली... आणि मग तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि कुठलं आधी आवरावं ते कळेना. आत्या पुन्हा टाइप करत होती.

"दाराशी तो उंच कोण? तू त्याच्याकडे चारदा बघितलंस. मी मोजलंय."

"आत्या! हळू!"

"हळू बोलायचं बटण कुठंय ते मला माहीत नाही," यंत्र म्हणालं, आणि मग आत्या हसली. म्हणजे ओठांनी हसली आणि बोटाने कळ दाबली, आणि ते सातमजली हसू खोलीभर गडगडत गेलं. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी आपलं यंत्र घाईघाईने पुढे ओढलं. त्यांनाही काहीतरी म्हणायचं होतं.

मुनी दाराबाहेर गेला. टाचणी मागोमाग गेली. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, डोळे मिटून.

"अकराही बोलताहेत," ती म्हणाली.

"ऐकतोय," तो म्हणाला. "बोलू नकोस... ऐकू दे."

ती त्याच्या शेजारी भिंतीला टेकली. आणि दहा मिनिटं, खरंच, एक शब्द बोलली नाही.

मंगळवारी साहेबांनी दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं.

"मुनी, पुरे झालं तळघर. आजपासून वर ये. हिच्या गटात जागा आहे. हिच्या शेजारचं टेबल."

मुनीने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी टाचणी बोलली.

"साहेब, त्यात एक अडचण आहे."

"आता काय?"

"नोकरीच्या करारात लिहिलंय, नात्यातली माणसं एका गटात नकोत."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही नात्यातले आहात?"

"नाही," मुनी म्हणाला.

"अजून नाही," टाचणी म्हणाली. "पण होणार आहोत. म्हणजे माझ्याकडून पक्कं आहे. तेव्हा नंतर लपवाछपवी नको, आत्ताच सांगितलेलं बरं. त्याला माझ्या गटात घ्या. मी शेजारच्या गटात जाते. नव्या यंत्राचं काम मला हवंच आहे."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुनीकडे पाहिलं. मुनीचे कान लालबुंद झाले होते.

"याला हे माहीत होतं का?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता कळलं," मुनी कसाबसा म्हणाला.

"मग बाहेर जाऊन नीट समजून घे," साहेब म्हणाले आणि फाइलमध्ये तोंड खुपसलं. फाइल उलटी होती.

बाहेरच्या काचेच्या बोळात अख्खा मजला काम करत असल्याचं सोंग आणून बघत होता. टाचणी हाताची घडी घालून उभी राहिली. हनुवटी वर. पण घडीतली बोटं दंडांत घट्ट रुतली होती.

"मला विचारलंच नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू आठ दिवस विचार केला असतास."

"नसता केला."

"केला असतास. वीस पुरावे गोळा केले असतेस."

"गोळा करून झालेत," तो म्हणाला. "शुक्रवारीच. माझ्या मनगटावर हात ठेवलास तेव्हा चहा गार झाला... मी तो तसाच प्यालो. गार चहा मी आयुष्यात पीत नाही." तो एक पाऊल पुढे आला. इथे पंखे नव्हते, घरघर नव्हती, तरी तो तिच्या कानापाशी वाकला. "तू मला फार आवडतेस. हे मी मोठ्याने म्हणू, की तुला असंच ऐकायचंय?"

तिने काचेपलीकडच्या सगळ्या माना बघितल्या. मग हाताची घडी सोडली.

"मोठ्याने," ती म्हणाली.

आणि तो म्हणाला. बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, स्वच्छ, न अडखळता. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा काढून टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाकीच्यांनाही वाजवाव्या लागल्या.

मग दोघं पायऱ्या उतरून तळघरात गेली, त्याची खुर्ची वर आणायला. हलकीच खुर्ची ती, एका माणसाने सहज उचलावी अशी. एका बाजूने त्याने धरली आणि दुसऱ्या बाजूने तिने.